बारा वाव

हॉलिसच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय: बारा.
भूक लागली की बारा. कॉफी कडू झाली की बारा.
रात्री दोनला उठून खिडकीशी उभा राहतो,
काय झालं विचारलं तर हळूच, शरमल्यासारखा,
बारा.
मंगळवारी मिस प्रुएट चित्रांची कार्डं घेऊन येते:
सफरचंद, कुत्रा, चावी, छत्री.
तो तिचं मन मोडत नाही.
सगळ्यांना तेच नाव देतो.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात असं होतं,
एखादा शब्द अडकून राहतो, तोच का, ते विचारू नका.
मी विचारलं नाही. मला माहीत होतं.
चाळीस वर्षं होडीच्या मागच्या फळीवरून
तो माझ्यावर ओरडत आला: बारा सोड, वायनेल, बारा!
दोन्ही हात पसरले की एक वाव.
असे बारा वाव दोरी, होडीच्या मागे,
आठ काठ्या, आठ दोऱ्या,
टोकाला मी स्वयंपाकघरात बांधलेल्या जिगा:
शिशाचं डोकं, टर्कीचं पीस, पोपटी कंबर.
आणि बारा भरले की दोरीवर लाल ठिपका,
माझ्याच नेलपॉलिशचा.
ईस्टरला बोटांना लावायला उरायचं नाही.

आता मोटर मी चालवते. तो माझ्याकडे तोंड करून बसतो,
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
सगळा खेळ वेगाचा.
ताशी मैलभरसुद्धा नाही,
शवपेटीमागून घरची माणसं चालतात तेवढाच.
जरा रेंगाळलात की जिगा तळाच्या बुंध्यांना मिठी मारतात,
जरा घाई केलीत की वर येऊन उगाच नाचतात.
क्रॅपी खाली बघतच नाही.
आमच्या डोक्यावरून गेलं ते आम्हाला कळत नाही,
त्याच्या डोक्यावरून गेलं तेवढंच तो खातो.
आणि ओठ कागदाचे.
हिसका दिलात तर गळाला फक्त चिंधी.

या आठवड्यात काठावर डॉगवुड पांढरा झाला.
तरी बक टिस्डेल धक्क्यावर म्हणाला, परत जा,
पाणी गढूळ आहे, सकाळपासून कुणाला शेपूटही दिसलेली नाही.
आम्ही दोन फेऱ्या मारल्या, सायप्रसच्या रांगेपासून दगडी बांधापर्यंत.
काहीच नाही.
हॉलिसनं डावा हात पाण्यात घातला,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसा,
बराच वेळ.
मग म्हणाला:
नऊ.

मी मोटर बंद केली.
नवशिकंही करणार नाही अशी गोष्ट.
आठही दोऱ्या सैल पडून तळाशी गेल्या,
आठही अडकल्या.
तीन जिगा गेल्या, दोन मोतिया, एक काळी-गुलाबी,
आणि मी शिव्या देत, नाक पुसत, ओढत राहिले.
तो हसत होता. अर्ध्या चेहऱ्यानं,
पण तो अर्धा जुनाच होता.

नऊ सोडले. लाल ठिपका रिळावरच राहिला,
मला तो सारखा दिसत होता.
बांधाच्या अलीकडे डावीकडची तिसरी काठी
नमस्कार केल्यासारखी वाकली.
हिसका दिला नाही. श्वासही बेतानं घेतला.
त्यानं डाव्या हातानं जाळं धरलं,
मासा आला, ताटाएवढा, चांदीवर काळी शाई सांडलेली,
आणि हॉलिस ओरडला, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा:
बारा! बारा!

मंगळवारी मिस प्रुएटला सांगेन की नाही, ठरवलेलं नाही.
ती वहीत लिहून घेईल. पुन्हा म्हणायला लावेल.

मासे मक्याच्या पिठात तळून झाले.
तो खुर्चीतच झोपलाय.
टेबलावर आठ रिळं, दिव्याखाली बाटली.
प्रत्येक दोरीवर नऊ मोजून
नवा ठिपका लावतेय, फुंकर घालतेय.
बाराचा खरवडलेला नाही.