नागिणीची धाकटी

तीन दिवस होती. चौथ्या दिवशी नव्हती.
अपॉइंटमेंट पाचव्या दिवसाची.

डॉक्टर मुजावर मॅडम म्हणाल्या, आत्ता काहीच दिसत नाहीये,
पुन्हा आलं की लगेच या, ओलं असतानाच,
सुकल्यावर नमुना घेऊन उपयोग नसतो.
म्हणजे आता वाट बघायची,
जे यायला नको त्याचीच,
आणि आलं की हाफ डे टाकून
वनाजहून थेट रामवाडीपर्यंत मेट्रोनं जायचं.
इतक्या लांब, कारण कोथरूडमध्ये
कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर
माझी कुणीतरी काकू बसलेली असतेच.

रक्त तपासू या का, मी विचारलं.
तपासू, त्या म्हणाल्या, पण रक्त इतकंच सांगेल
की गाठ पडलेली आहे.
कधी, कुठे, कुणाकडून, हे नाही सांगणार.
वर्षानुवर्षं गप्प बसतं हे,
मज्जातंतूच्या मुळाशी, काही न मागता.
मी मान हलवली. गप्प बसणं मला कळतं.

कमरेला आली की तिला नागीण म्हणतात.
तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, अशी दहशत,
पण नाव आहे ना!
जिन्यात कुणीही विचारतं, उतरली का हो नागीण?
ओठावर आली की तुझी आई हसत म्हणते,
जर मुतला गं ह्याला.
दर मार्चला, इयर एंडिंगच्या धबडग्यात,
तुझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात.
आपल्या साखरपुड्याच्या फोटोतही आहे ती,
फोटोग्राफरनं पुसायचा प्रयत्न केलेला.

आणि हिला?
हिच्यासाठी स्वारगेटजवळच्या भिंतीवर एक शब्द आहे,
लाल रंगात, खाली मोबाईल नंबर.
तो शब्द मला आपल्या घरात आणता येत नाही.
मी मनात नागिणीची धाकटी म्हणते.
तिची धाकटी, की तुझ्या ओठावरचीची सख्खी?
मॅडम म्हणाल्या, तसंही असू शकतं.
असू शकतं. या दोन शब्दांवर
मी सोळा रात्री काढल्या.

टॉवेल वेगळा केला. तू विचारलं नाहीस.
पाठ दुखते म्हणाले. तू शेकायची पिशवी आणून दिलीस.
दोनच्या सुमाराला पौड रोडवरून मिक्सरचे ट्रक जातात,
तेव्हा मी हिशोब करते:
लग्नाआधीचा भूषण, दीड वर्ष, त्याच्या ओठांचं काही आठवत नाही.
तुझं बंगळुरू, चार दिवस,
ज्याचे फोटो फक्त डोशाचे.
अकरा वर्षांत मी एकदाही न उघडलेला तुझा फोन
उशाशी उताणा पडलेला असतो.
दोष द्यायला कुणीतरी लागतं
आणि हाताशी तूच असतोस, घोरत.

रविवारी तू गॅलरीत कपड्यांची दोरी बदलत होतास,
दातात चिमटा.
मी सांगून टाकलं. एका दमात, कुंडीकडे बघत.
कुणाकडून, कधीपासून, इतके दिवस बोलली का नाहीस,
सगळ्याची उत्तरं पाठ करून आले होते.
तू चिमटा काढलास आणि म्हणालास,
कालिंदी, चटके बसतात का गं, लघवीला जाताना?

रडू आलं मला. येणारच होतं.
पण रडतानाही डोक्यात एक बारीक दिवा चालू होता.
चटके मी म्हणाले नव्हते.
ही माया होती, की आठवण?
की कुणीही असंच विचारलं असतं?

ठरलं असं, की बुधवारी दोघांनी रक्त द्यायचं.
रामवाडीलाच. तू म्हणालास,
इथे माझीही एखादी काकू निघायची.
हसलो आपण. खरंच हसलो.

दोरी तशीच राहिली, नवी, निळी, वेटोळं करून फरशीवर.
रात्री पाणी प्यायला उठले,
आणि अंधारात
माझा पाय तिच्यावर पडला.