पाठमोरा

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके पाने आणि एका फुटक्या मिक्सरच्या मधे
मुखवटा आभाळाकडे बघत पडलेला.
"आफ्रिकेचा, एकदम असली," इलियास म्हणाला.
कुंभारवेशीपाशी सगळंच असली असतं.

मी पुढून बघितलाच नाही.
उलटा केला, हुंगला:
बूटपॉलिश नाही, चहाचं पाणी नाही.
कपाळ टेकायचं तिथं लाकूड गुळगुळीत,
भोकांच्या कडा दोरीनं खाल्लेल्या,
आणि तोंडामागच्या आडव्या काडीवर
दातांचे व्रण.

म्हणजे नाचताना तो गप्पच असणार.

हजार सांगून साडेसातशेला दिला.
आता सहकारनगरात, फ्रिजच्या वर,
भिंतीकडे तोंड करून टांगलाय.
कुंदा विचारते, अहो, चेहरा कुठाय?

स्टुलावर चढवून दाखवतो तिला
तो चावा.
खालचा एक दात पडलेला होता त्याचा.