पांढरी तीन

मगदूम तेव्हा काळी चारमध्ये गायचा,
गणपतीच्या मांडवात, ट्रकच्या बॅटरीवर,
आणि वखारभागातली कुत्रीसुद्धा
आमच्या बाजूने ओरडायची.

आता म्हणतो, "पांढरी तीन धर."
मी धरतो.
इलाही खाली मान घालून खुंट्या पिळतो.
यावर कुणी काही बोलत नाही.

चौदा वर्षांनी नवा अल्बम.
मार्केट यार्डात हळदीचं रिकामं गोदाम,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पोती टांगलेली.
चौथ्या दिवशी माझ्या बेसच्या तारा पिवळ्या,
बोटंही.
त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा हळद लागली.

सॅमसनचा गुडघा मिरजेत बदललाय.
बेस ड्रमला तो आता डावा पाय लावतो,
ठोका केसभर उशिरा पडतो
आणि गाणं जरा रेंगाळतं,
आयर्विन पुलावर
मागे राहिलेल्या सोबत्यासाठी रेंगाळावं तसं.

जुन्या गाण्यांत आम्ही गाव पेटवणार होतो.
नव्यात पाणी जिन्याची पाचवी पायरी चढतं
आणि एक माणूस
वह्या वरच्या फळीवर ठेवतो.

तिसऱ्या कडव्यात मगदूमचा आवाज फाटला.
रेकॉर्डिंगचा पोरगा म्हणाला,
"काका, नीट करून टाकतो. कळणारही नाही."
मगदूमने चष्मा पुसला.
"कळू दे की.
एवढी वर्षं काय पोत्यात घालून ठेवली नव्हती."

पुन्हा लावून ऐकलं.
फाटला त्याच जागी, मागे,
हमालांच्या चहाच्या ग्लासांची किणकिण आलेली.
तीही राहू दिली.