बघून सांगते

व्हर्लिनच्या शेतामागे, खडीच्या बंद खाणीत
आम्ही डबे मांडतो.
प्रॅट गावापासून नऊ मैल. कॅन्ससचा वारा असा
की बिस्किटांचा पत्र्याचा डबा उभा राहायला तयार नाही.
व्हर्लिन त्याच्या पोटात एक दगड घालतो,
मग म्हणतो, नको, दगड निकाल बिघडवेल,
आणि काढून टाकतो.
डबा पुन्हा पडतो.

छत्तीस वर्षं त्याने धान्याच्या कोठारांचे पत्रे जोडले.
मी कारखान्यात नांगराच्या फाळांचा कडकपणा मोजते:
हिऱ्याचं टोक पोलादात रुतवायचं
आणि खड्डा केवढा पडला ते वाचायचं.
म्हणून त्याला वाटतं, मला यातलं कळतं.
शुक्रवारपर्यंत मलाही वाटायचं.

रंगाचा डबा, आरपार.
कॉफीचा, आरपार; झाकण खाणीतल्या पाण्यात.
त्याच्या आजोबांचा दुधाचा कॅन, जाड, दोन कानांचा,
पुढून करंगळीएवढं भोक,
मागून पत्रा बाहेर उलटलेला,
जणू आतूनच कुणी ठोसा मारला.
मी वहीत मिलिमीटर लिहिते.
व्हर्लिन दर वेळी बार काढण्याआधी
हळूच सॉरी म्हणतो. डब्याला.

शुक्रवारी शाळेतून चिठ्ठी आली होती:
प्रत्येक मुलाने मक्याच्या दाण्यांचा किंवा राजम्याचा
एक सीलबंद डबा आणावा,
बाकाखाली ठेवायला.
कुणी वर्गात शिरलंच, तर फेकून मारायला.
ऋजुताने विचारलं, मका की राजमा?
मग बुटांच्या नाड्या बांधता बांधता:
फेकायच्या ऐवजी पुढे धरला तर?

मी म्हटलं, बघून सांगते.
कारखान्यात मी हे दिवसातून दहा वेळा म्हणते.

मक्याचा डबा व्हर्लिन स्वतः ठेवतो,
कुंपणाच्या एका बुटक्या खांबावर.
तिसरीतल्या मुलीची छाती येईल तेवढा उंच.
उंची मी सांगितली नव्हती.

पिवळं काहीतरी हवेत उडालं, मग आवाज,
की आवाज आधी, कोण जाणे.
माझ्या बाहीवर गोडसर थेंब.
डबा सापडला तेव्हा पार उलगडला होता,
ताटासारखा सपाट.
त्यावरची मुदत तेवढी नीट वाचता येत होती:
दोन हजार अठ्ठावीस, मार्च.

गाडीच्या डिकीत घरचाही एक डबा होता, स्टीलचा.
टिंबाटिंबांनी कोरलेलं:
कै. द्वारकाबाई पाटणकर यांच्या स्मरणार्थ.
ही कोण, आमच्यात कुणालाच आठवत नाही.
डबा मात्र तीन घरं आणि एक समुद्र ओलांडून आला.
व्हर्लिनने अक्षरांवरून अंगठा फिरवला.
म्हटलं, एका बाईचं नाव आहे. माणूस गेल्यावर वाटतात.
'मग हा राहू दे.'
पण मला आकडा हवा होता.
तांदळाने गच्च भरला, हापटून हापटून,
झाकण दाबून बसवलं.

छोट्या बंदुकीची गोळी आत गेली
आणि बाहेर आली नाही.
ट्रकच्या बॉनेटवर तांदूळ पसरून
मी ती शोधली, निवडताना खडा लागतो तशी.
बोथट, अजून गरम.
भोक 'स्मर' आणि 'णार्थ'च्या मधोमध.

व्हर्लिनने मोठ्या रायफलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी वही मिटली.
आमच्याकडे याला अपुरी चाचणी म्हणतात,
आणि अशा अहवालावर मी कधी सही करत नाही.

घरी येऊन डबा तोलला. चार किलो दोनशे.
भोकाला आतून टेप लावली.
ऋजुता टीव्हीसमोर पालथी पडली होती,
तिने काही विचारलं नाही.

सोमवारी दप्तरात मक्याचा एक डबा घातला.
दप्तर हातात उचलून पाहिलं,
दाराकडे पाहिलं,
मग अजून एक घातला.