पालथा हात

वीज मंगळवारी पडली.
झाड अकरा दिवस काही बोललं नाही.

लार्चचं झाड, चारशे वर्षांचं म्हणे,
कड्याच्या बगलेत एकटं.
शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीवर एक पांढरी चीर
आणि आत गाभ्यात, चिलमीत मावेल एवढा विस्तव,
कुणाच्या नजरेत न येता
जागा.
बाराव्या दिवशी वारा फिरला.

आम्हा आठ जणांना हेलिकॉप्टरनं माथ्यावर सोडलं
तेव्हा खाली स्लोकनचं तळं इतकं निळं
की धुराकडे पाठ करून बघायची लाज वाटावी.
उतार असा, की उभं राहायचं तर
एक गुडघा कायम दुमडलेला,
आणि जेवायचं तर डबा झाडाला टेकवून.

वणव्याला चढाची धाप लागत नाही.
उतरणं मात्र त्याला जमत नाही.
तो घरंगळतो.
पेटलेलं पाइनचं बोंड, अर्धा जळका ओंडका,
एखादा धोंडा, ज्याला धरून ठेवणारं मूळच राख झालंय.
म्हणून खालच्या अंगाचा चर सपाट खणायचा नसतो.
पन्हळीसारखा खोल, बाहेरची कड उचललेली,
येईल ते झेलेल असा.
पाचोळा, मुळं, काळी माती, सगळं खरवडून
पिवळी माती लागेपर्यंत.
पिवळ्या मातीत जळण्यासारखं काही नसतं.
हे फेन्यानं शिकवलं.

फेन्या काल्माकोव्ह, करवतवाली,
वय एकेचाळीस, डावा कान करवतीनं खाल्लेला.
तिच्या खापरपणज्याच्या लोकांनी तिकडे कॉकेशसात
एका रात्री आपल्याच बंदुका ढीग रचून जाळल्या होत्या.
"पेटवायचं आमच्या रक्तात आहे," ती म्हणायची,
"विझवायचं मी पगारावर शिकले."

वरून बादल्या ओतत होते.
पाणी क्षणभर वाफ व्हायचं, उरलेलं
उतारावरून आल्या वाटेनं तळ्याकडे परत.
पालथा घडा केवढा असू शकतो
ते तिथे कळलं.

तिसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला,
लॉर्न ओरडला.
मी वर पाहिलं आणि बाजूला झालो.
सगळे झाले.
फेन्या वाकून चर खणत होती, डावा कान डोंगराकडे.

ओंडका तिच्यापासून हातभरावरून गेला.
ठिणग्यांचा एक पदर तिच्या पाठीवरून ओढला गेला.
मग तो चरात पडला, कडेवर आपटला,
एकदा उचंबळला,
बाहेर जाऊ की नको असा,
आणि बसला.

फेन्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं,
न सांगता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.
"बसला का?" एवढंच विचारलं.
लॉर्नला मात्र उलटी झाली.

पुढचे सहा दिवस ज्वाळा नव्हत्या.
त्या दिवसांचे फोटो कुणी काढत नाही.
हातमोजे काढायचे,
गुडघ्यांवर बसायचं,
आणि हाताची पालथी बाजू राखेत घालायची.
तळहात नको, त्याला घट्टे असतात,
तो सगळं ठीक आहे म्हणतो.
पालथा हात खोटं बोलत नाही.
वीत वीत करत आख्खा डोंगर असा चाचपला,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा,
फक्त हे कपाळ वीस एकरांचं
आणि पोर चारशे वर्षांचं.

शेवटी लार्चपाशी आलो.
फेन्यानं चिरेत मनगटापर्यंत हात घातला.
बराच वेळ काढला नाही.

रेडिओ विचारत होता: ताब्यात आहे का?
खाली नकाशावर कुणीतरी
लाल रेघेची काळी रेघ करायला थांबलं होतं.

"कोमट," ती म्हणाली.
मला, रेडिओला नाही.
मग करवत उचलली, खाली ठेवली,
दुसरा हात घातला.