फक्कीची खोली

बुटीबोरीच्या कारखान्यात आमच्या खोल्या तयार होतात,
दहा बाय बारा, दारंखिडक्यांसकट,
वायरिंगसुद्धा आतच.
ट्रेलरवर चढवायच्या, आरमोरीच्या पुढे उतरवायच्या,
एकीवर एक रचून बोल्ट आवळायचे.
पंचेचाळीस दिवसांत वसतिगृह.
संस्थेच्या अध्यक्षांना हा आकडा फार आवडला,
त्यांनी तो मला दोनदा म्हणायला लावला.

नकाशा पाहून पोरी नुसत्या माना हलवत होत्या.
शेवटी रेक्टर ठेंगरीबाई म्हणाल्या,
‘मॅडम जी, कागदावर कोणी झोपते का?’

तेव्हा गेडामकाकांनी क्रीडाखोलीतून फक्कीचं पोतं काढलं.
कबड्डीच्या मैदानाशेजारी
टेप धरून मी खोली आखली, खऱ्या मापाची.
भिंती चार बोटं जाड.
दाराच्या जागी तीन फूट रेघ सोडली.
एप्रिल. सूर्य गेला होता
तरी चपलेच्या तळातून झळ येत होती,
आणि कुंपणापलीकडून मोहाचा वास.

रासो पुंगाटी सगळ्यांत आधी आली.
दारापाशी चपला काढल्या,
मग आत.

मी काही बोलले नाही.

मागून तेरा जणी.
एकीने घाईत सरळ रेघ ओलांडली
तर आतून गलका:
‘अवं, भिंतीतून काऊन येतेस!’
ती परत फिरली, वळसा घालून दारातून आली,
आणि मागे हात करून
दार लोटलं.

पलंगांच्या जागी मी विटा मांडल्या होत्या,
या भिंतीला एक, त्या भिंतीला एक,
मध्ये चार फूट मोकळे.
नकाशात आम्ही त्याला खाजगीपणा म्हणतो.
त्यांनी न विचारता विटा उचलल्या.
तिघी आडव्या झाल्या, पाय भिंतीला, डोकी मधोमध.
चौथी म्हणाली, सरक.
‘असं झोपलं की हळू बोलता येते जी.
कोणाले ताप आला तर रातीच समजते.’

माझ्या यादीत वाऱ्याची दिशा होती,
पन्हळ होती, भूकंपाचा विभाग होता,
सत्तेचाळीस अंशांना पत्रा किती फुगतो तेही होतं.
ताप नव्हता.

रासो अजून उभीच. भिंतीकडे तोंड करून,
म्हणजे दूरच्या सागाकडे,
हात वर नेऊन तिनं हवेत बोट टेकवलं.
‘इथं खिळा ठोकता येईल का?’
‘काय लावायचंय?’
‘काही नाही जी. पिशवी.
घरून आणलेली पिशवी भुईवर राहिली
की वाटते, उद्याच परत जायचं आहे.’

मी सांगितलं: दोन पत्रे, मध्ये फोम,
खिळा धरत नाही. गॅरंटी जाते.
ती हो म्हणाली.
पण बोट लगेच काढलं नाही.

सकाळी भिंतींवरून शेळ्या गेलेल्या,
दार कुठे होतं ते सांगता आलं नसतं.
फक्त पूर्वेच्या रेघेवर एक खडा ठेवलेला,
आणि त्याच्या शेजारी, वीत वीत अंतरावर,
आणखी खडे.

तिथूनच बुटीबोरीला फोन लावला.
साच्यात सागाची पट्टी बसेल का, भिंतभर?
खर्च वाढेल, पलीकडचा म्हणाला,
आणि दिवस होतील सेहेचाळीस.
लिहा, मी म्हटलं.
उंची किती घेऊ?
रासोचं बोट, असं ओठांवर आलं होतं.
पाच फूट दोन, म्हटलं,
आणि अध्यक्षांच्या खोलीकडे निघाले.