कानवाली

पहिल्या महिन्यात प्रांजलच्या बोटांतून
'ना' निघालाच नाही.
पत्र्यावर गारा पडाव्यात तसलं काहीतरी
पडत राहिलं घरभर.
शेजारच्या आक्कांनी भिंतीवर मूठ आपटली,
ती मात्र बरोब्बर लयीत.

मी वेणी घालत होते, चामड्याची.
आमच्या सुभाषनगरातल्या पोरी
केसांच्या आधी हीच वेणी शिकतात.
हे दारात बसून तळ ठोकत होते
ठक्, ठक्, ठक्
आणि पोर मधेच थांबून ओरडली,
"बाबा, तुमची लय चढायला लागली!"

ह्यांनी हातोडीकडं बघितलं.
तीस वर्षांत तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासनं
एकसारखी पडायला लागली ती, घड्याळागत.
बोलले काहीच नाहीत.
फक्त तिच्या रियाजाच्या वेळेला
मऊ कातडं बाजूला सारून
जाड तळ काढायचे पुढ्यात,
आवाज आतल्या खोलीपर्यंत पोचावा म्हणून.

क्लास खरी कॉर्नरला. महिन्याला सहाशे.
केएमटीत गर्दी असली तर
डग्गा माझ्या मांडीवर, तबला तिच्या.
तिथं मी जिन्याच्या पायरीवर बसते.
एका बाईंनी विचारलं,
"तुमच्याकडे घरी कोण वाजवतं?"
मी शब्द जुळवत होते,
तेवढ्यात पायऱ्या उतरत प्रांजल म्हणाली,
"बाबा. हातोडी."
बाई हसल्या.
मग माझ्या बोटांवरचे चरे बघून
हसायच्या थांबल्या.
मला त्यांचं हसणंच बरं वाटलं होतं.

गौरी बसायच्या आठवड्यात पुडी फाटली.
तबला जुनाच घेतलेला, हप्त्यानं,
दोन हप्ते अजून बाकी.
ह्यांनी उलटा करून बघितला,
गिऱ्हाइकाची चप्पल बघतात तसा,
काठावरनं अंगठा फिरवला.
"शेळीचं हाय. घाईत वाळवलंय."
गंगावेशीतनं तयार पुडी आणली.
"शाई आपल्याला यायची न्हाई," म्हणाले,
"जे येत न्हाई ते येत न्हाई."
वाद्या मात्र स्वतः कापल्या, म्हशीच्या,
आणि बसले ओढत,
तळव्यांनी तबला गच्च धरून.

"बाबा, पाय!"
पोर कळवळली. मास्तरांनी पहिल्या दिवशी
तबल्याला नमस्कार करायला शिकवलेला.
"पाय लावल्याबिगर
कातडं ऐकत न्हाई, बाळा."
रात्री दोन वाजले.
ती तिथंच झोपली, इंडवीवर डोकं ठेवून.

हेर्लेकर मास्तरांनी दोन ठोक्यांत सूर लावला
आणि तिसऱ्यासाठी उचललेली हातोडी
तशीच खाली ठेवली.
"वाद्या कुणी ओढल्या?"
पुढच्या शुक्रवारी त्यांनी
स्वतःचा तबला पाठवला, पिशवीतनं.
पैशाचं विचारलं नाही.
ह्यांनीही सांगितलं नाही.
अजून सांगितलं नाही.
मी रोज आठवण करते, हे रोज जेवतात.

सोळा मात्रा आता मला पाठ झाल्यात.
नवव्या मात्रेला डग्गा गप्प बसतो,
त्याला खाली म्हणतात.
मला तीच जागा आवडते.
सगळं चालू असतं,
फक्त कुणीतरी एक जण
जरा टेकून घेतं.

परवा अशीच मोजता मोजता
वेणीत एक पेड जादा पडला.
कानवालीचा जोड, डावी उजवीशी जुळेना.
हे काही बोलले नाहीत,
नुसता जोड फिरवून फिरवून बघितला.
गिऱ्हाइकाला द्यायची कशी?
प्रांजलनं घातली.

आत विंचू बसवलेला, करकरणारा.
ती क्लासला निघाली की
बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू येतं,
उजवी करकरते,
आणि डावी
जरा उशिरा.